विश्लेषण : गाड्याही सुरू, खोदकामही सुरू, रूळ हलला तर कळते कसे?

कुंडलिकेच्या एका काठाला नवीन जालना, दुसऱ्या काठाला जुना. मुंबई किंवा नांदेडची गाडी पकडायची म्हटली की दोन्ही काठांची माणसे एकाच स्थानकावर येतात. हे जालना स्थानक केंद्राच्या अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीत आहे. या योजनेतल्या स्थानकांवर प्रवाशांच्या सोयीची इमारत, रुंद पादचारी पूल, लिफ्ट, फलाटांवर छत अशी कामे होतात.

घर दुरुस्तीला काढले तर चार महिने भाड्याने दुसरीकडे राहता येते. स्थानकाला ती सोय नाही. देवगिरी, तपोवन, सचखंड धावतच राहतात आणि त्यांच्यापासून काही मीटरवर पोकलेनचा खड्डा असतो. जवळ खड्डा खणला की रूळ थोडा तरी हलतो, हे अभियंते गृहीतच धरतात. तो किती हलला आणि पुढची गाडी येण्याआधी ते कोणाला कळले, यावर सगळे अवलंबून असते.

जालन्यात हा प्रश्न जास्त नाजूक का?

कारण मार्ग एकेरी आहे. निजामाच्या रेल्वेने १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद ही मीटर गेज लाइन टाकली. नव्वदच्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत गेली. गाड्या वाढल्या, वेग वाढला, पण जाणारी आणि येणारी गाडी अजून त्याच एका जोडरुळावरून जाते. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. त्याआधी ऑगस्ट २०२४ मध्ये १७४ किलोमीटरचा जालना-जळगाव नवा मार्ग मंजूर झाला. म्हणजे पुढची काही वर्षे या परिसरात चालू रुळाशेजारी माती उकरण्याचे काम थांबणार नाही.

दुहेरी मार्गावर एक रूळ संशयास्पद वाटला, तर दुसऱ्यावरून गाड्या हळूहळू काढता येतात. एकेरी मार्गावर रूळ बंद म्हणजे गाडी बंद. मग परभणीकडच्या मुंबईच्या गाडीला परळी, लातूर रोड, कुर्डुवाडी असा दूरचा वळसा उरतो. म्हणून इथे शंका आली तरी मार्ग थांबवायचा निर्णय जड जातो आणि नेमका तोच निर्णय वेळेवर व्हावा लागतो.

रूळ 'हलतो' म्हणजे नेमके काय होते?

रूळ जमिनीला खिळलेला नसतो. रूळ स्लीपरवर, स्लीपर खडीवर आणि खडी मातीच्या भरावावर बसलेली असते. शेजारी खड्डा खणला की भरावाचा एका बाजूचा आधार कमी होतो. माती खड्ड्याच्या दिशेने किंचित झुकते, वरची खडी तिच्यामागे जाते आणि स्लीपरचे एक टोक खाली बसते.

दोन्ही रूळ मोठ्या अंतरात सारखेच दोन-चार मिलिमीटर खचले, तर फारसे बिघडत नाही. प्रवाशाला कळणारही नाही. अडचण होते ती रूळ वेगवेगळे खचतात तेव्हा. भारतीय ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. सरळ मार्गावर दोन्ही रुळांची उंची सारखी हवी. एका ठिकाणी डावा रूळ खाली आणि साडेतीन मीटर पुढे उजवा खाली, असे झाले की रूळमार्गाला पीळ पडतो. रेल्वेची माणसे याला 'ट्विस्ट' म्हणतात.

ओबडधोबड अंगणात खाट टाकून पाहा. तीन पाय टेकतात, चौथा अधांतरी राहतो. डब्याच्या बोगीचेही तसेच आहे. चार चाकांपैकी एकावरचा भार कमी होतो, आणि हलके झालेले चाक वळणावर किंवा धक्क्याने रुळावर चढू शकते. रिकामी मालगाडी अशा ठिकाणी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त धोक्यात असते, हे ऐकायला उलटे वाटते, पण खरे आहे.

उन्हाळ्यात आणखी एक भर पडते. आताचे रूळ सलग जोडलेले असतात, पूर्वीसारखी दर काही मीटरवर फट नसते. उन्हात पोलाद लांबायला बघते, पण लांबायला जागाच नसते. प्रति मीटर ६० किलो वजनाच्या रुळाचे तापमान तो बसवतानाच्या तापमानापेक्षा ३० अंशांनी वाढले, तर त्याच्या आत सुमारे ५५ टनांचा दाब साठतो. दोन्ही रुळांचा मिळून ११० टन. हा दाब रुळाला आडवा वाकवू पाहतो आणि त्याला अडवून धरते ती स्लीपरच्या टोकाबाहेर रचलेली खडी. मे महिन्यात, भर दुपारी, केबल टाकायला किंवा नालीसाठी कोणी ती खडी ओढून बाजूला केली, तर खोल खड्डा नसतानाही रूळ नागमोडी होऊ शकतो. म्हणून स्थानकाच्या कामात पायाच्या खड्ड्याइतकीच लहान चरांवर नजर ठेवावी लागते. अपघाताची भीती मोठ्या खड्ड्याची वाटते, त्यामुळे तिथे बॅरिकेड असते. चर मात्र संध्याकाळी दोन मजूर खणून जातात.

काळ्या मातीचा स्वभाव

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात आटते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन आकार वाढवते. या मातीवर बांधलेल्या हलक्या भिंती, कुंपणे, फरशा कोणी जवळ खड्डा न खणताही वर-खाली होतात. म्हणून वजनदार बांधकामाचा पाया काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यावा लागतो.

मोजणाऱ्याची यात दुहेरी अडचण होते. एप्रिलमध्ये पहिले माप घेतले, जूनमध्ये खोदकाम सुरू झाले आणि ऑगस्टमध्ये फलाटाची कड चार मिलिमीटर वर आलेली दिसली. हा परिणाम खोदकामाचा की पावसाचा? काम सुरू होण्याच्या बऱ्याच आधीपासून मापे घेतलेली असतील तरच याचे उत्तर मिळते. ऋतूनुसार जमीन आपणहून किती हलते हे एकदा नोंदले की त्यावरची हालचाल कामाच्या खात्यावर टाकता येते. निविदा निघून कार्यादेश मिळाला की सगळ्यांना घाई असते आणि पहिल्यांदा काट मारली जाते ती या 'काहीच न होण्याच्या' काळातल्या मोजणीवर.

दुसरी अडचण संदर्भबिंदूची. सगळी मापे कशाच्या तरी तुलनेत घ्यायची असतात. तो बिंदू त्याच काळ्या मातीत रोवलेल्या खांबावर असेल, तर पावसाळ्यात खांब वर येईल आणि कागदावर रूळ खचल्याचे दिसेल. याउलट खांब रुळाबरोबरच खचला, तर कागदावर सगळे आलबेल. म्हणून संदर्भबिंदू खोदकामाच्या प्रभावाबाहेर आणि शक्यतो खालच्या कातळात पक्का केलेला लागतो. आपल्याकडे काळा पाषाण फार खोल नसतो, हा यातला दिलासा.

मोजतात कशाने?

सगळ्यात जुने साधन माणूस. रोज आपल्या बीटवर हातोडा आणि पाना घेऊन चालणारा कीमन रुळाच्या आवाजावरून आणि खडीच्या रंगावरून बरेच ओळखतो. अनुभवी माणूस खाली वाकून रुळाच्या माथ्यावर डोळा लावतो आणि लांबवरचा खळगा दाखवतो. त्याच्याकडे गेज आणि पातळी मोजायची पट्टी असते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे टोटल स्टेशन. रस्त्याकडेला तिकाटण्यावर ठेवलेले सर्वेक्षणाचे यंत्र अनेकांनी पाहिले असेल, तेच हे. स्थानकात ते एका पक्क्या खांबावर बसवतात. रुळाच्या स्लीपरवर, फलाटाच्या कडेवर, जुन्या पुलाच्या खांबांवर लहान काचेचे प्रिझम चिकटवलेले असतात. यंत्र आपोआप फिरते, एकेका प्रिझमकडे किरण टाकते आणि परतलेल्या किरणावरून त्याची जागा मिलिमीटरच्या आसपास अचूकतेने काढते. दिवसरात्र, ठरल्या वेळी, कोणीही रुळात न उतरता. हा मोठाच फायदा आहे, कारण चालू मार्गावर उतरणे हाच कामगाराच्या जिवाचा धोका असतो.

जमिनीच्या पोटात काय चालले आहे ते वरून दिसत नाही. त्यासाठी खड्डा आणि रूळ यांच्यामध्ये बोअर घेऊन खाचांची नळी बसवतात. तिच्यातून इन्क्लिनोमीटर खाली सोडला की कोणत्या खोलीवर माती खड्ड्याकडे झुकते आहे ते कळते. रूळ खचण्याआधी माती खाली सरकायला लागलेली असते, त्यामुळे खरी आगाऊ सूचना इथेच मिळते. भूजलाची पातळी पिझोमीटर सांगतो. खड्ड्यातले पाणी पंपाने उपसले की आजूबाजूची जमीनही कोरडी होऊन बसते, म्हणून तोही आकडा लागतो. कातळ फोडताना होणारी कंपने मोजायला वेगळे यंत्र असते.

जुन्या इमारतीच्या भेगेवर मात्र आजही साधी काचपट्टी चालते. भेगेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटने काच चिकटवायची आणि तारीख लिहायची. भेग रुंदावली की काच तडकते. बांधकाम खात्यातल्या जुन्या माणसांना हे तंत्र चांगले ठाऊक आहे. त्याला बॅटरी लागत नाही.

या सगळ्या यंत्रांना खोटे बोलण्याच्याही सवयी आहेत. धूळ बसली की प्रिझम दिसेनासा होतो. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या खडीवरची हवा थरथरते आणि किरण वाकतो, म्हणून विश्वासाची मापे पहाटेची. पोलादाचा ४० मीटर लांबीचा पादचारी पूल २० अंश तापला की साधारण दहा मिलिमीटर लांबतो, आणि रात्री परत आखडतो. कोणी सकाळच्या आकड्याची तुलना दुपारच्या आकड्याशी केली, तर पूल सरकला अशी आरोळी ठोकायला पुरेसे कारण आहे.

आणखी एक गोष्ट यंत्राला दिसत नाही. स्लीपरखालची खडी खचली, पण रूळ ताठ राहिला तर स्लीपर रुळाला लटकून राहतो. रिकाम्या रुळावरचे प्रिझम जागच्या जागी दिसतात. गाडी आली की तो स्लीपर खालच्या पोकळीत दणकन बसतो, गाडी गेली की परत वर. म्हणून गाडी जात असताना बाजूला उभे राहून रुळाकडे बघणाऱ्या माणसाची जागा सर्व्हरवरच्या आलेखाने भरून निघत नाही.

आकडा आला, पुढे काय?

खरी कसोटी इथे लागते. काम सुरू होण्याआधीच हालचालीच्या पातळ्या ठरवून लिहून ठेवायच्या असतात. समजा, हिशोबानुसार खड्ड्यामुळे रूळ सहा मिलिमीटरपर्यंत खचणे अपेक्षित आहे. तीनच्या पुढे गेला की मापे दुप्पट वेळा घ्यायची आणि कारण शोधायचे. पाचवर गेला की खोदकाम थांबवून खडी भरायची, गाड्यांचा वेग उतरवायचा. त्यापुढे गाडीच थांबवायची. आकडे प्रत्येक जागेचे वेगळे असतील, पण ते आधी ठरलेले हवेत आणि प्रत्येक पातळीसमोर कोणी काय करायचे ते लिहिलेले हवे. आकडा ओलांडल्यानंतर बैठक बोलावून मर्यादा ठरवायला गेले, की मर्यादा हमखास वाढते.

सिंगापूरमध्ये नेमके हेच घडले. २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेशेजारी मेट्रोच्या सर्कल लाइनसाठी खणलेला सुमारे ३० मीटर खोल खड्डा कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले. त्या जागी यंत्रे होती. भिंत अपेक्षेपेक्षा जास्त झुकल्याचे आकडे आधीपासून येत होते. प्रत्येक वेळी नव्याने गणित मांडून परवानगीची पातळी वर नेण्यात आली. त्या दिवशी सकाळपासून आधाराचे लोखंड वाकल्याचे आवाज येत होते, खड्डा कोसळला तो दुपारी साडेतीनला.

जर्मनीतल्या रास्टाटमध्ये १२ ऑगस्ट २०१७ रोजी उलटे झाले. कार्ल्सरूहे-बाझल या गजबजलेल्या मार्गाखालून, माथ्यावर जेमतेम काही मीटर माती ठेवून, बोगदा खणला जात होता. वरचा रूळ खचला. रुळावरच्या मोजणीत ते टिपले गेले आणि गाड्या थांबल्या. कोणी जखमी झाले नाही. बोगदा खणणारे यंत्र काँक्रीटमध्ये गाडावे लागले आणि युरोपातला एक मुख्य मालवाहू मार्ग २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिला. नुकसान प्रचंड झाले, काम करणाऱ्यांवर टीकाही झाली. पण रास्टाटमध्ये माणसे वाचली ती आकडा आणि लाल सिग्नल यांच्यात बैठक आली नाही म्हणून. सिंगापूरकडे यंत्रे कमी नव्हती.

जालन्यासारख्या ठिकाणी ही साखळी कशी असेल? टोटल स्टेशन ठेकेदाराच्या माणसाकडे. रूळ पी-वे विभागाच्या सीनियर सेक्शन इंजिनीअरकडे. सिग्नल स्टेशन मास्तरकडे. रात्री दोन वाजता सर्व्हरवरून संदेश आला, तर तो आधी कोणाच्या फोनवर वाजतो? ठेकेदाराच्या कार्यालयातून साहेबांकडे, तिथून विभागाकडे आणि मग स्टेशन मास्तरकडे अशी वाट असेल, तर तेवढ्यात एक गाडी निघून गेलेली असते. स्टेशन मास्तरने सिग्नल लाल केला की गाडी थांबते, म्हणून शेवटच्या पातळीचा संदेश थेट तिथे पोहोचायला हवा.

स्थानकाच्या हद्दीबाहेर धोका दिसला, तर रेल्वेचा जुना नियम साधा आहे. लाल बावटा किंवा दिवा दाखवत धावायचे, ६०० मीटरवर रुळाला एक फटाका लावायचा आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की चालकाला कळते. एकेरी मार्गावर गाडी दोन्ही बाजूंनी येऊ शकते, त्यामुळे दोन्हीकडे धावायला माणूस हवा. कामाच्या जागी रात्री एकच चौकीदार असेल, तर हा नियम कागदावरच राहतो.

रूळच नाही, डोक्यावरचेही

नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाह स्थानकावर पादचारी पुलाचा काही भाग कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. ११ जानेवारी २०२५ रोजी उत्तर प्रदेशातल्या कन्नौज स्थानकावर, अमृत भारत योजनेच्याच कामात, स्लॅब ओतताना आधाराची शटरिंग कोसळली आणि दोन डझनांहून अधिक मजूर ढिगाऱ्याखालून काढावे लागले.

शटरिंगची मोजणी फार महागडी नसते. काँक्रीट ओतताना टेकू किती खाली बसतात आणि उभे राहतात की झुकतात, हे लेव्हलने पाहत राहायचे. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीवर नुसत्या फळीच्या तुकड्यावर टेकू ठेवला, तर वर जालन्याच्या कारखान्यांतली उत्तम सळई असूनही उपयोग नाही. ओले काँक्रीट स्वतःचे वजन पेलत नाही, ते टेकूच पेलतात.

शेजारच्या जुन्या बांधकामांच्या बाबतीत मुंबईच्या मेट्रो ३ चा अनुभव शिकवण्यासारखा आहे. २०१७ मध्ये फोर्टमधल्या जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या वारसा इमारतीचा दगडी भाग निखळल्यानंतर प्रकरण उच्च न्यायालयात गेले. असा वाद उभा राहतो तेव्हा पहिला प्रश्न येतो, ही भेग कामाआधी होती का? कामाआधी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक भेगेचे तारखेसह फोटो असतील, तर उत्तर मिळते. स्टेशन रोडवरच्या दुकानदारांनी आपल्या भिंतींचे फोटो आजच काढून ठेवले, तर त्यांचेही काही बिघडणार नाही.

प्रवाशाला काय दिसते?

स्थानकाच्या अलीकडे माशाच्या शेपटीसारखी टोके असलेली पिवळी-काळी पाटी, मग त्रिकोणी पिवळ्या पाटीवर २० किंवा ३० असा आकडा, आणि काम संपल्यावर 'टी' लिहिलेली पाटी. या पाट्यांमध्ये गाडी रांगते आणि डब्यात कुरकुर सुरू होते. वेग कमी केला की चाकाचा धक्का कमी होतो आणि काही गडबड असली तरी चालकाला थांबायला अंतर मिळते. चालकाच्या हातात त्याची लेखी सूचनाही असते. चालू मार्गाच्या सुरक्षिततेवर परिणाम करणाऱ्या कामाला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. परवानगी देणारा आणि काम उरकण्याची घाई असणारा एकच नको, म्हणून ही व्यवस्था.

खड्डा भरून पाया वर आला की काम संपल्यासारखे वाटते, पण वेगाची बंदी एकदम उठत नाही. खडी ठोकून घट्ट करायची, काही गाड्या जाऊ द्यायच्या, माप घ्यायचे आणि वेग एक पायरी वाढवायचा. काळ्या मातीत यापुढेही एक माप राहते. भरलेल्या खड्ड्याभोवतीची माती पहिल्यांदा पाणी पिते तेव्हाचे. त्यासाठी प्रिझम पुढच्या पावसाळ्याच्या शेवटापर्यंत तसेच चिकटलेले ठेवावे लागतात.